रिच रॉड गेला, बिल स्ट्यूअर्ट राहिला

16 डिसेंबर 2007, रविवार. वेस्ट व्हर्जिनियातल्या मॉर्गनटाउनमध्ये थंडी मी म्हणत होती. आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे आजोबा पार्किंगमध्ये गुडघ्यावर बसून आपल्या पिकअपच्या बंपरवरचा स्टिकर ब्लेडने खरवडत होते. आयुष्यभर कोळशाच्या खाणीत काम केलेला माणूस, बोलणं मोजकं. निळ्या-पिवळ्या स्टिकरवर फुटबॉल टीमच्या कोचचं नाव होतं. गारठ्यात गोंद सुटेना, म्हणून मी वरून चहाच्या पातेल्यात कढत पाणी आणून दिलं. तरी शेवटी अर्धी अक्षरं राहिलीच. त्या दुपारी युनिव्हर्सिटीचा कोच रिच रॉड्रिगेझ याने खेळाडूंना सांगितलं होतं की मी मिशिगनला चाललो.

मी एम.एस.साठी ऑगस्टमध्ये तिथे पोचलो होतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू पायाने फारसा मारतच नाहीत, हे कळायलाच मला सप्टेंबर उजाडला. पण डिसेंबरपर्यंत मीही त्या गावाचा होऊन गेलो होतो, कारण तिथे दुसरा पर्यायच नसतो. राज्यात मोठी व्यावसायिक टीम एकही नाही. मॅचच्या दिवशी साठ हजारांचं स्टेडियम भरतं आणि दूरदूरच्या खोऱ्यांतून गाड्या येतात. गणपतीला चाकरमानी कोकणात येतात, तशी ही माणसं तिथे येतात. माझं गाव संगमेश्वरकडचं, त्यामुळे ते दृश्य मला ओळखीचं वाटलं. वर्षभर कुलूप लागलेली घरं त्या दिवशी उघडतात.

'रिच रॉड' यांच्यातलाच होता. मॅरियन काउंटीतल्या ग्रँट टाउन नावाच्या चिमुकल्या खाणगावात वाढलेला. याच युनिव्हर्सिटीत स्कॉलरशिपशिवाय येऊन टीममध्ये शिरलेला, मग मेहनतीने स्कॉलरशिप मिळवलेला. पुढे राज्यातल्याच ग्लेनव्हिल स्टेट या छोट्या कॉलेजात कोच असताना त्याने एक चाल घोटवली, जी आज शाळेपासून एनएफएल या व्यावसायिक लीगपर्यंत सगळे खेळतात. समोरच्या टीमचा एक बचावपटू मुद्दाम मोकळा सोडायचा. तो चेंडू घेऊन धावणाऱ्याच्या मागे लागला, तर क्वार्टरबॅकने, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूने, चेंडू स्वतःकडेच ठेवून उलट बाजूने निघायचं. तो जागेवरच थांबला, तर चेंडू धावणाऱ्याच्या हातात द्यायचा. म्हणजे निर्णय आधी घ्यायचाच नाही, समोरचा काय करतो ते बघून घ्यायचा. 2001 मध्ये तो आपल्या युनिव्हर्सिटीचा मुख्य कोच झाला. 2006 च्या डिसेंबरात अलाबामासारख्या बलाढ्य युनिव्हर्सिटीने त्याला बोलावलं आणि त्याने चक्क नाही म्हटलं. गावाने त्याला डोक्यावर घेतलं. अलाबामाने मग निक सेबन या नामांकित कोचला आणलं. सेबनही मॅरियन काउंटीचाच आणि तेव्हाचे गव्हर्नर जो मँचिनही तिथलेच. त्या मातीत काय आहे कोण जाणे.

पुढच्याच वर्षी तो गेला. आणि तोही कधी, तर 1 डिसेंबरच्या त्या मॅचनंतर पंधरवड्यात.

त्या मॅचबद्दल थोडं सांगायलाच हवं, नाहीतर स्टिकर कळणार नाही. टीम देशात दुसऱ्या क्रमांकावर होती. नेहमीच्या सीझनची शेवटची मॅच घरच्या मैदानावर, सव्वाशे किलोमीटरवरच्या पिट्सबर्ग युनिव्हर्सिटीशी. या दोघांचं वैर शंभर वर्षांचं. त्या सीझनला पिट्सबर्ग चार मॅच जिंकून सात हरलेली. जाणकारांच्या मते वेस्ट व्हर्जिनिया 28 पॉइंटांनी जिंकणार होती. जिंकली असती तर जानेवारीत न्यू ऑर्लिन्सला राष्ट्रीय अजिंक्यपदाची मॅच खेळली असती. दुसऱ्या क्वार्टरमध्ये पॅट व्हाइट या क्वार्टरबॅकचा अंगठा निखळला. किकरने दोन फील्ड गोल, म्हणजे चेंडू पायाने खांबांमधून मारून मिळवायचे पॉइंट, चुकवले. तो किकर म्हणजे पॅट मॅकॅफी, जो आज टीव्हीवर देशभर गाजतो. स्कोअर झाला 13-9. शेवटी स्टेडियममध्ये जी शांतता पसरली, तशी मी नंतर फक्त एकदा अनुभवली, एका अंत्यविधीत. या गावात टीम जिंकली की पोरं रस्त्यावर सोफे पेटवतात, ही तिथली (बेकायदा) परंपरा. त्या रात्री सोफेही कुणी पेटवले नाहीत.

गावाला दोन आठवड्यांत हे दोन घाव बसले. म्हणूनच आजही तिथली माणसं त्या महिन्याबद्दल बोलतात तेव्हा मॅच आणि कोच वेगळे काढता येत नाहीत. कोण तेव्हा कुठे होतं, बातमी रेडिओवर ऐकली की फोनवर, हे सगळ्यांना पाठ. आणि शेवटी एकच शब्द येतो, गद्दार.

मला वाद घालायचाय तो या शब्दाशी.

दुःख खोटं होतं असं मी म्हणत नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं. 1950 मध्ये वेस्ट व्हर्जिनियाची लोकसंख्या वीस लाख होती, 2020 मध्ये ती अठरा लाखांच्याही खाली आली. देशाची लोकसंख्या या काळात दुपटीहून वाढली आणि हे राज्य आटलं. कोळशात यंत्रं आली, खाणकामगार कमी लागू लागले, पोरं गाड्या भरून दक्षिणेला गेली. आजोबांचे दोन्ही मुलगे शार्लटला. त्यांना कुणी गद्दार म्हटलं नाही. उलट त्यांनी पाठवलेला नवा टीव्ही आम्हीच दोघांनी जिना चढवून वर नेला होता, त्यावरच ती पिट्सबर्गची मॅच आजोबांनी पाहिली. ज्या राज्यात प्रत्येक घरातून कुणीतरी गेलेलं आहे, तिथे एक माणूस ग्रँट टाउनहून निघून मोठा झाला आणि अलाबामाला नाही म्हणून राहिला, याचं मोल फुटबॉलपेक्षा कितीतरी जास्त होतं. तो राहिला म्हणजे इथे राहण्यासारखं काही आहे, असा त्याचा अर्थ लोकांनी लावला होता. मग तोही गेला. 'दिल्या घरी सुखी राहा' म्हणणं कुणाला जमणार होतं?

पण हा अर्थ लोकांनी लावला होता, करारात तो कुठेही नव्हता. करारात 40 लाख डॉलरचा बायआउट होता, म्हणजे मुदतीआधी सोडून गेल्यास भरायची किंमत. त्यावर सही झाली ती त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. कोच गेल्यावर युनिव्हर्सिटीने त्याच्यावर दावा लावला आणि जुलै 2008 मध्ये सगळे पैसे भरण्याची तडजोड झाली. त्यातले 25 लाख मिशिगनने दिले, उरलेले त्याने स्वतः. म्हणजे जाण्याची शक्यता दोन्ही पक्षांनी आधीच धरली होती, तिची किंमत ठरवली होती आणि ती चुकतीही झाली. घर घेताना अकरा महिन्यांचा करार करायचा आणि भाडेकरू गेल्यावर जन्मोजन्मीच्या नात्याच्या आणाभाका काढायच्या, असा हा प्रकार.

त्या रविवारी ज्यांच्या पायाखालची जमीन खरंच सरकली ते वेगळेच होते. विशीतली ती पोरं. त्यांच्या घरी बसून, आईबापांशी बोलून त्यांना या कोचने आणलं होतं. ती काय करू शकत होती? तेव्हाच्या नियमांप्रमाणे खेळाडूने युनिव्हर्सिटी बदलली तर एक पूर्ण वर्ष मैदानाबाहेर बसावं लागे. पगार नाही, आपल्या नावावर जाहिरात करून पैसे कमवायचीही मुभा नाही. कोच सोमवारी नव्या गावी रुजू होई, खेळाडू सोडून गेला तर त्याचं वर्ष जाई. हा नियम 2021 मध्ये सैल झाला, त्याच वर्षी नाव आणि चेहऱ्याच्या मोबदल्याची वाट खुली झाली, आणि 2025 च्या कोर्टातल्या समझोत्यानंतर आता युनिव्हर्सिटी खेळाडूंना वर्षाला साधारण दोन कोटी डॉलरपर्यंत थेट वाटू शकते. आता खेळाडू दर हिवाळ्यात पोर्टलमधून, म्हणजे युनिव्हर्सिटी बदलण्याच्या ऑनलाइन यादीतून, भराभर जातात आणि तेच जुने फॅन म्हणतात, या पोरांना निष्ठाच राहिली नाही. निष्ठा असणं आणि दार बंद असणं यात काही फरक असतो की नाही?

आता बिल स्ट्यूअर्टकडे येऊ. फॅनांच्या आठवणींत हा माणूस तळटीपेसारखा येतो आणि मला या गोष्टीचाच जास्त राग येतो.

रॉड्रिगेझ गेल्यावर टीमपुढे एक मॅच शिल्लक होती. 2 जानेवारी 2008, ॲरिझोनात, समोर ओक्लाहोमा. तात्पुरता कोच म्हणून उभा राहिला बिल स्ट्यूअर्ट, राज्यातल्याच न्यू मार्टिन्सव्हिलचा, पंचावन्न वर्षांचा, बहुतेक आयुष्य सहायकाच्या नोकऱ्यांत काढलेला. मॅचआधी ड्रेसिंगरूममध्ये त्याने केलेलं भाषण तिथे आजही लोक फोनवर लावून ऐकतात. टीम 48-28 अशी जिंकली. सगळ्यांनी त्या पोरांना संपलेलं धरलं होतं. दुसऱ्याच दिवशी युनिव्हर्सिटीने स्ट्यूअर्टला कायम केलं. त्या दिवशी मॉर्गनटाउनमध्ये पुरेसे सोफे उरले नसावेत.

पुढच्या तीन वर्षांत त्याने दर सीझनला नऊ मॅच जिंकल्या, चार हरल्या. तिन्ही वर्षं तेच, 9-4. दुसऱ्या कुठल्या युनिव्हर्सिटीने त्याला बोलावल्याचं ऐकिवात नाही, आणि बोलावलं असतं तरी तो गेला असता असं त्याला ओळखणारं कुणी म्हणणार नाही. लोकांना हवा असलेला 'आपला', 'राहणारा' माणूस तो हाच. मग झालं काय? नऊ विजय कंटाळवाणे वाटू लागले. रॉड्रिगेझच्या काळात दहा-अकरा व्हायचे, अशी कुजबुज सुरू झाली. डिसेंबर 2010 मध्ये युनिव्हर्सिटीने डेना होल्गोर्सन याला आणून जाहीर केलं की एक वर्ष हा आक्रमणाची बाजू सांभाळेल, मग स्ट्यूअर्टची खुर्ची त्याची. घरातल्या कर्त्याला त्याच्याच जेवणाच्या पाटावर वारसदार आणून बसवावा, तसं. दोघांचं पटलं नाही. वाद झाले, स्ट्यूअर्टवर आरोपही झाले आणि तोही त्या काळात धुतल्या तांदळासारखा राहिला असेल असं मी म्हणणार नाही. जून 2011 मध्ये तो बाजूला झाला. मे 2012 मध्ये गोल्फ खेळताना हृदयविकाराने गेला, साठी पूर्ण व्हायच्या आत.

जो सोडून गेला त्याला गद्दार म्हटलं. जो राहिला त्याला कंटाळून घालवलं. मग निष्ठा नेमकी कोणाकडून आणि कशाच्या बदल्यात मागितली जात होती?

फॅन लगेच म्हणतील, ते युनिव्हर्सिटीने केलं, आम्ही नाही. अर्धंच खरं आहे. स्टेडियममधल्या रिकाम्या खुर्च्या आणि वर्गणीदारांचे फोन हीच युनिव्हर्सिटीची भाषा असते आणि ती फॅनांनीच शिकवलेली असते. मीही 2010 च्या शरद ऋतूत त्या रिकाम्या खुर्च्यांतला एक होतो. नोकरीला पिट्सबर्गला गेलो होतो, तिकीट परवडत होतं, पण 'एवढं ड्राइव्ह करून नऊ-चारवाली टीम कोण बघणार', असं मित्राला म्हटल्याचं लख्ख आठवतं.

रॉड्रिगेझचं पुढे काही बरं झालं नाही. मिशिगनमध्ये तीन वर्षांत 15 विजय, 22 पराभव, जानेवारी 2011 मध्ये हकालपट्टी. मग ॲरिझोना, तिथूनही काढलं. शेवटी तो अलाबामातल्या जॅक्सनव्हिल स्टेट या लहानशा युनिव्हर्सिटीत स्थिरावला. तिची टीम नुकतीच वरच्या श्रेणीत आलेली. 6 डिसेंबर 2024 ला तिने आपल्या कॉन्फरन्सचं, म्हणजे युनिव्हर्सिटींच्या गटाचं, विजेतेपद 52-12 ने जिंकलं. त्या गावाच्या दृष्टीने ही केवढी मोठी गोष्ट! पुढची मॅच होती 20 डिसेंबरला, ऑर्लँडोत.

12 डिसेंबरला रिच रॉड्रिगेझ मॉर्गनटाउनला परत आला.

मी आजोबांना फोन केला. आता नव्वदीला टेकलेत, पिकअप केव्हाच विकली. म्हणाले, "येऊ दे. स्टिकर मात्र लावणार नाही." आणि मग खूप वेळ हसले. गावानेही त्याला माफ केलं, 'घरी आला' म्हणून स्वागत केलं. सतरा वर्षांचा राग एका आठवड्यात विरला, ते मला मनापासून आवडलं. पण त्या आठवड्यात मॉर्गनटाउनमधल्या माझ्या सगळ्या मित्रांत एकानेही जॅक्सनव्हिलचं नाव काढलं नाही. तिथे तेच झालं होतं. सीझन संपायच्या आत, मॅच शिल्लक असताना, पोरांना मागे ठेवून कोच गेला होता, आणि नेणारे यावेळी आपण होतो. होल्गोर्सन 2019 च्या नव्या वर्षाच्या दिवशी ह्यूस्टनला गेला तेव्हा गावाने नाक मुरडलं, आणि चारच दिवसांत ट्रॉय युनिव्हर्सिटीतून नील ब्राउनला उचलून आणलं. ट्रॉयच्या लोकांना काय वाटलं असेल? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, एवढाच या सगळ्याचा हिशेब आहे.

म्हणून कोचच्या निष्ठेवर चर्चा करणं मला वेळेचा अपव्यय वाटतो. माणसं जाणारच. प्रश्न कॅलेंडरचा आहे आणि कॅलेंडर माणसं बनवतात. शाळेतल्या नव्या खेळाडूंनी युनिव्हर्सिटीत यायच्या सह्या करायची मुदत पूर्वी फक्त फेब्रुवारीत असे, 2017 पासून ती डिसेंबरातही आली. 2024 मध्ये ती 4 डिसेंबरला होती आणि 9 तारखेला पोर्टल उघडलं. नवा कोच नेमायचा तर याच आठवड्यांत नेमायला हवा, नाहीतर खेळाडू हातचे जातात. आणि नेमक्या याच आठवड्यांनंतर सीझनच्या सर्वांत महत्त्वाच्या मॅच असतात. लग्नाचा मुहूर्त आणि वार्षिक परीक्षा एकाच दिवशी ठेवायची आणि मग नवरा पळाला म्हणून ओरडायचं. 2025 मध्ये तर याची हद्द झाली. लेन किफिनची मिसिसिपी युनिव्हर्सिटीची टीम 11-1 अशा कामगिरीसह प्लेऑफच्या दारात उभी होती आणि 30 नोव्हेंबरला तो एलएसयूला (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) गेला. प्लेऑफपर्यंत थांबायची त्याची तयारी होती, युनिव्हर्सिटीने नकार दिला. दोघांचंही बरोबर होतं. कॅलेंडर चूक होतं.

एनएफएल हा उघड धंदा आहे, कुणी तिथे कुटुंब वगैरे म्हणत नाही. पण प्लेऑफ खेळणाऱ्या टीमच्या सहायक कोचला दुसरी टीम त्याचा सीझन संपेपर्यंत नोकरीवर घेऊ शकत नाही, एवढा साधा नियम धंदेवाल्यांनी स्वतःवर लादून घेतला. विद्यादानाच्या नावाने चालणाऱ्या संस्थांना तो का जमू नये? टीमची शेवटची मॅच होईपर्यंत तिच्या कोचची दुसरीकडे नेमणूक नाही आणि खेळाडूंच्या सह्या व पोर्टल त्यानंतर, इतकंच. अशक्य नाही. पोर्टलची खिडकी 2026 साठी जानेवारीत सरकवलीच ना? सह्यांची तारीखही सरकवता येईल. वाटाघाटी छुप्या होतील, हा आक्षेप खरा आहे. पण त्या आजही छुप्याच होतात. निदान कोच शेवटची मॅच तरी आपल्या पोरांबरोबर उभा राहून खेळेल.

पैशाचं एक सांगतो आणि थांबतो, कारण त्यावर वेगळा लेख होईल. याच युनिव्हर्सिटीने 2023 च्या सप्टेंबरात साडेचार कोटी डॉलरच्या तुटीचं कारण देऊन 28 अभ्यासक्रम बंद केले, प्राध्यापकांची 143 पदं काढली. परकीय भाषांच्या पदव्या त्यात गेल्या. पुढच्याच वर्षी नील ब्राउनला घरी पाठवताना सुमारे 95 लाख डॉलर देणं लागले. क्रीडा विभागाचा गल्ला वेगळा, हे उत्तर ठरलेलंच आहे. मॅरियनशेजारच्या हॅरिसन काउंटीत जन्मलेल्या जिंबो फिशर या कोचला टेक्सास ए अँड एमने 2023 मध्ये काढलं तेव्हा सुमारे साडेसात कोटी डॉलर कबूल केले होते. फ्रेंच शिकवणारी एक बाई त्या भाषा विभागातून गेली, तिच्या नावाचा स्टिकर कुणी लावला नव्हता, त्यामुळे खरवडायचाही प्रश्न आला नाही.

13 सप्टेंबर 2025 ला रॉड्रिगेझच्या टीमने पिट्सबर्गला ओव्हरटाइममध्ये 31-24 ने हरवलं. मी स्टेडियममध्ये होतो, घसा बसेपर्यंत ओरडलो, सगळ्यांच्या गळ्यात हात घालून गाणंही म्हटलं. खोटं कशाला बोलू?

पण त्याआधीची एक मॅच मी एकट्याने पाहिली होती. 20 डिसेंबर 2024, शुक्रवार, ऑफिसात, डेस्कवर फोन उभा करून. ऑर्लँडोत जॅक्सनव्हिल स्टेटची पोरं कोचशिवाय खेळत होती आणि 30-27 अशी हरली, तीन पॉइंटांनी. समोरची टीम होती ओहायो युनिव्हर्सिटी, तीही आपल्या कॉन्फरन्सची विजेती. तिच्या बाजूलाही मुख्य कोच नव्हता. विजेतेपद जिंकून दिल्यावर लगेच तो गेला होता, शार्लटला.